लिहिता हात दुखतो तेव्हा: परीक्षार्थींचे अनुभव

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मलमाचा वास यायला लागला. वर्तुळं काळी करायला सरावलेल्या हातांना आता तीन-तीन तास सलग लिहायचंय. कुणाचं मनगट सुजलंय, कुणाची बोटं झोपेत बधिर होतात. तरी बहुतेक जण 'परीक्षा झाली की बघू' म्हणत गप्प राहतात. हात दुखतो म्हटलं तर घरच्यांना तयारी कमी वाटेल, ही धास्ती. मला हे फार खुपतं. म्हणून हा धागा. कुठे दुखायचं, कशाने उतार पडला, डॉक्टरांकडे कधी गेलात, सगळं लिहा. बोर्ड, सीए, यूपीएससी, कुठलीही परीक्षा चालेल.

कृष्णाकाठ
यूपीएससीची मुख्य परीक्षा दिली आहे. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न, निम्मे १५० शब्दांचे, निम्मे २५०चे. म्हणजे तीन तासांत जवळपास ४,००० शब्द, आणि दुपारी पुन्हा दुसरा पेपर. टेस्ट सिरीज सुरू झाली तसं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणकायला लागलं. कपडे पिळताना, चहाचं पातेलं उचलताना तर कळ डोक्यात जायची. मालिशने उलट वाढलं. अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं तेव्हा मी किंचाळलेच. डी क्वेर्व्हेन नावाचं दुखणं आहे, म्हणाले. अंगठ्याकडे जाणाऱ्या स्नायुबंधांभोवतीचं आवरण जाड होतं आणि ते आत घासत राहतात. अंगठ्यासकट बांधायचा पट्टा दिला, लिहिणं काही काळ बंद, आणि मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणंही बंद. हे शेवटचं कुणी मनावर घेत नाही, पण नोट्स वर-खाली सरकवताना दिवसभर तोच राबत असतो. ठणका ओसरल्यावर रोज एकच उत्तर लिहायचे, मग दोन, मग अर्धा पेपर. पूर्ण पेपर अगदी शेवटच्या टप्प्यात. पेनही जाड घेतलं, कमी दाबावर चालणारं जेल पेन.

ठाण्याची सीएवाली
ताई, माझं दुखणं रात्रीचं. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग यायची, करंगळीला मात्र काही नाही. हात झटकला की बरं वाटायचं. सगळे म्हणाले, लिहून लिहून झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉइड कमी निघालं. मनगटातली नस दबण्यामागे, म्हणजे कार्पल टनेलमागे, ते किंवा मधुमेहही असू शकतो. गोळी सुरू झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायला लागले आणि फायनलचे पेपर पुरे लिहिले. नुसतं मलम चोळत बसू नका, एवढंच कळकळीने सांगते.

लातूरचे बाबा
मुलगी बारावीला. तिचं मनगट पलंगावर बसून लिहिण्याने दुखायचं. वही मांडीवर, मान खाली, हात अधांतरी. टेबल-खुर्ची आणली, कोपर टेकायला लागला, मोठा फरक पडला.

पेनाशी भांडण
माझं वेगळं आहे. पेन धरलं की बोटं आपोआप वळतात, मनगट मुडपतं. पेन ठेवलं की हात ठीक. जेवण, गाडी चालवणं काहीच अडत नाही, त्यामुळे घरी ते नाटक वाटायचं. न्यूरॉलॉजिस्टनी रायटर्स क्रॅम्प सांगितलं. यात हात कमजोर नसतो, मेंदूकडून स्नायूंना जाणारी आज्ञाच बिघडते. विकास कुमार या उमेदवाराने नेमकं हेच दुखणं घेऊन यूपीएससीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहून देणारा माणूस, देताना ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असा निकाल फेब्रुवारी २०२१मध्ये लागला. मग ऑगस्ट २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात तासाला २० मिनिटं जादा वेळही होता. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते अर्ज भरण्याआधीच हातात असू द्या. माझ्या विद्यापीठाने पहिला अर्ज परत केला होता, निकालाची प्रत जोडल्यावर मंजूर केला. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हाही मोठा सराव आहे. मी धाकट्या भावाला समोर बसवून परिच्छेद, अधोरेखन, आकृत्यासुद्धा तोंडी सांगायला शिकलो. तात्पुरत्या दुखण्याला मात्र ही सवलत मिळेलच असं धरून चालू नका.

नवीन_अभ्यासिका
माझी करंगळी आणि अनामिका बधिर होतेय. अभ्यासिकेत दिवसभर कोपर टेबलाच्या कडेवर टेकलेले असतात. हेही मनगटाचंच का?

कृष्णाकाठ
दादा, ती दोन बोटं असतील तर बहुधा कोपराजवळची नस दबत असावी. कडेवर टेकणं आजच बंद कर, कोपराखाली घडी केलेला टॉवेल घे, झोपताना हात फार दुमडून ठेवू नकोस. पण निदान आम्ही इथे बसून करू शकत नाही. पकड सैल झाली असेल, वस्तू हातातून निसटत असतील तर उद्याच डॉक्टर गाठ. सराव पेपर चुकला तरी चालेल. दाखवून आलास की इथे कळव.