जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’: कुठली आवृत्ती घेऊ?

मँचेस्टरची_मीरा
नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये दादाचा चाळिसावा वाढदिवस आहे. कॉलेजात असल्यापासून तो जॉय डिव्हिजन हा इंग्लिश रॉक बँड ऐकतोय, पण सगळं एमपीथ्रीवर. मागच्या वर्षी त्याने टर्नटेबल घेतलं. मी सध्या मँचेस्टरलाच शिकतेय, म्हणजे बँडच्याच गावात, म्हणून इथूनच त्यांच्या पहिल्या अल्बमची, ‘अननोन प्लेझर्स’ची, एलपी पुण्याला न्यायची आहे. दुकानात काळी तबकडी आहे, पांढऱ्या कव्हरातली लाल आहे, शिवाय काचेच्या कपाटात एक ‘ओरिजिनल’ही आहे. काय घेऊ? बजेट पन्नास पौंड.

जुनी_तबकडी
मीराताई, कपाटातलीकडे बघूसुद्धा नका. फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने जून 1979 मध्ये पहिल्या फेरीत दहा हजार प्रती काढल्या होत्या. त्यांचं कव्हर खरखरीत, पोत असलेल्या कागदाचं. चांगल्या अवस्थेतली तशी प्रत पन्नास पौंडांत मिळायची नाही, आणि मिळालीच तर सुईने किती झिजलीय ते आधी पाहायला हवं.

काळी बहुतेक 2015 ची असेल, 180 ग्रॅमची. तिला 2007 चं रिमास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने केलेलं ध्वनिसंस्करण, वापरलंय. माझ्याकडे तीच आहे. अल्बमचा निर्माता मार्टिन हॅनेटने स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत या बँडच्या आवाजाभोवती जी मोकळी जागा ठेवली, ती तिच्यात नीट ऐकू येते. ढोल एका टोकाला, गिटार दूर भिंतीपलीकडे, आणि पीटर हुकचा बास वरच्या पट्टीत चाल गातोय. ‘इनसाइट’ गाण्याच्या सुरुवातीचा लिफ्टचा आवाज आणि ‘आय रिमेंबर नथिंग’मधली फुटणारी काच रात्री दिवे मालवून ऐकायला सांगा दादाला. हुक आणि गिटारवादक बर्नार्ड समनर यांना हे मिक्स तेव्हा आवडलं नव्हतं. मंचावर ते फार आक्रमक वाजवायचे, तो दणका तबकडीत उतरला नाही असं त्यांचं म्हणणं. मला मात्र या गार, रिकाम्या आवाजामुळेच अल्बम आजही ताजा वाटतो.

सीडीच_बरी
तो दणका हवा असेल तर 2007 ची दोन सीडींची आवृत्ती शोधा. दुसऱ्या सीडीवर 13 जुलै 1979 चा मँचेस्टरच्या फॅक्टरी क्लबातला कार्यक्रम आहे. अल्बम येऊन महिनाही झाला नव्हता. तीच गाणी इथे अंगावर येतात. ‘ट्रान्समिशन’ मूळ अल्बमवर नाही, हेही लक्षात असू द्या. ते वेगळं सिंगल होतं. बऱ्याच जणांचा तबकडी उलटून पाहिल्यावर हिरमोड होतो.

पल्सर१९१९
भेट आहे ना? मग लाल घ्या. 2019 ची, चाळीस वर्षांची खास आवृत्ती. कव्हरवरच्या त्या रेघा म्हणजे सीपी 1919 या पल्सरचे (वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचे) रेडिओ स्पंद, खगोलशास्त्राच्या एका कोशातून घेतलेले. बँडला कव्हर पांढरं हवं होतं, डिझायनर पीटर सॅव्हिलने रंग उलटवून ते काळं केलं. चाळीस वर्षांनी बँडच्या मनातलं कव्हर छापून आलं. अल्बमची चाळिशी आणि दादाचीही!

जुनी_तबकडी
पल्सरभाऊ, पटतंय, पण इतकी वर्षं ज्याने पडद्यावर काळं कव्हर पाहिलं, त्याच्या हातात काळंच पडावं असं मला वाटतं. समोर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, आणि तबकडीच्या बाजूंना एक-दोन न म्हणता ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’.

मँचेस्टरची_मीरा
सगळ्यांचे मनापासून आभार. काळी घेतली, आणि दोन सीडींचा संच जुन्या मालात सापडला तोही उचलला. दोन्ही मिळून बजेटमध्ये बसलं. आता एकच शंका: तबकडी मोठ्या बॅगेत टाकली तर चालेल का?

जुनी_तबकडी
नको. केबिन बॅगेत, उभी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. आणि पुण्यात उतरल्यावर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, वाकते.