इंटेलचा शेअर पडलाय, आत्ता घेऊ का? (६० हजार, ३ वर्षं)

रेवा_नाशिक: नमस्कार मंडळी. परवा, जानेवारी २०२६ च्या तिमाही निकालानंतर, इंटेल एका दिवसात १७ टक्के पडला. माझ्याकडे ६० हजार आहेत, वर एक रुपया नाही, तीन वर्षं लागणार नाहीत. आत्ता घेऊ की एप्रिलच्या निकालापर्यंत थांबू? आणि मागणी एवढी की माल पुरत नाही म्हणतायत, मग शेअर पडला कसा? दुकानासमोर रांग लागली तर वाणी खूशच होतो ना?

पक्या_डोंबिवली: ६० हजारात काय होतंय ताई, निदान ३ लाख टाका. मी ऑगस्टमध्ये २० डॉलरच्या आसपास उचलला, आज डबलच्या वर आहे, पडूनसुद्धा. अमेरिकन सरकार २०.४७ ला घुसलं, एनव्हिडियाने २३.२८ ने ५ अब्ज डॉलर टाकले, ही सगळी माणसं येडी का?

शिरीषकाका: त्यांना २३ ला मिळाला, रेवाताईंना ४५ ला घ्यायला सांगतोयस. मी २०२१ ला घेतला, साठच्या वर, गेल्सिंगर सीईओ म्हणून आला म्हणून. म्हटलं आधीचा सीईओ, हिशेबनीस स्वान गेला, इंजिनिअर आला, आता बघाच. ऑगस्ट २०२४ ला १५ हजार माणसं कमी, डिव्हिडंड बंद, एका दिवसात २६ टक्के साफ. डिसेंबरात गेल्सिंगरही गेले. मी अजून पडेल तसा थोडाथोडा घेऊन अ‍ॅव्हरेज करतोय. चूक माझीच.

पक्या_डोंबिवली: काका, आता सीईओ लिप-बू टॅन आहेत. ट्रम्पने ७ ऑगस्टला राजीनामा मागितला आणि दोन आठवड्यांत सरकार स्वतः १० टक्क्यांचं भागीदार झालं. याला म्हणतात मॅनेजमेंट.

शिरीषकाका: याला राजकारण म्हणतात.

मृण्मयी_सॅन_होजे: मूळ प्रश्न राहिला की. रेवा, रांग आहे पण कोठीत धान्य नाही. एआयमुळे डेटा सेंटरवाल्यांना इंटेलचे सर्व्हरचे झिऑन प्रोसेसर परत हवेत, ते बरेचसे इंटेल ७ सारख्या कारखान्यातल्या जुन्या लाइनवर बनतात आणि जुन्या लाइनवर नवीन मशिनरी टाकायची नाही असं ठरलेलं. मागचे काही महिने शिल्लक माल विकून भागवलं, आता तो संपला. वेफर (ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) आज लावला तर चिप हातात यायला महिने जातात. म्हणून पहिल्या तिमाहीच्या विक्रीचा अंदाज ११.७ ते १२.७ अब्ज डॉलर आणि शेअरमागे नफा शून्य. सीएफओ झिन्सनर म्हणतायत की हीच तिमाही सगळ्यात वाईट, दुसरीपासून सुधारेल. टॅन यांना मी मानते, केडन्स ही चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरची कंपनी त्यांनी वर काढलेली मी जवळून पाहिलीय, पण १८ए या नवीन लाइनचं यील्ड (धड निघणाऱ्या चिपांचं प्रमाण) एका माणसाच्या येण्याने वाढत नाही. मी थांबले असते.

गणेश_सीए: +१ थांबा. आणि एक शेअर घेतला तरी रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, आयटीआर १ चालत नाही. हे कोणी सांगत नाही आणि मग जुलैत मला फोन.

पक्या_डोंबिवली: परदेशात पैसे पाठवताना टीसीएस (आधीच कापला जाणारा कर) पण कापतात ना २० टक्के?

गणेश_सीए: वर्षाला १० लाखांपर्यंत नाही. ६० हजारांचं चाललंय इथे.

लॅमिंग्टन_रोडवाला: शेअर मला कळत नाही, माल कळतो. २०१८ ला पण हेच झालेलं, इंटेलचं १० नॅनोमीटरचं नवीन तंत्र रखडलं, सगळा भार जुन्या १४ नॅनोमीटरवर, प्रोसेसर येईनात. तेव्हा मी गिऱ्हाइकाला हाताला धरून एएमडीचा रायझन दिला, त्यातले निम्मे नंतर इंटेल मागायला आलेच नाहीत. टंचाईत गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे मोठ्या साहेबांना कोण सांगणार. आता तर रॅमपण भडकलीय, लॅपटॉप घ्यायचा असेल तर उशीर करू नका.

अमृता_कोथरूड: थांबा असंच म्हणेन. नाहीतर सोनं घ्या. मी २०२३ ला घेतलं 😌

शिरीषकाका: सोन्याचा धागा वेगळा आहे.

मृण्मयी_सॅन_होजे: थांबायचं नसेल तर निदान तीन भाग करून घे, एक आत्ता, एक एप्रिलनंतर, एक जुलैनंतर.

रेवा_नाशिक: सगळ्यांचे आभार. मुलगी जूनमध्ये इंजिनिअरिंगला जाणार, लॅपटॉप तेव्हाच घेणार होतो. रोडवाले दादांचं वाचून काल घेऊनच टाकला, ५८ हजार. शेअरचं राहिलं. आणि त्यात रायझन आहे.

पक्या_डोंबिवली: 🤦 तीन वर्षांनी या, मग बोलू.

लॅमिंग्टन_रोडवाला: रॅम किती जीबी? बोर्डावर सोल्डर केलेली की बदलता येणारी?