लिलावात आपण चुकीच्या माणसावर पैसे लावतोय का? हैदराबाद तूफान्सवाल्यांनी सांगा

गोलकीपर_नांदेड

मी नांदेडचा. जुन्या मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. हॉकीचं वेड लागलं ते खालसा हायस्कूलच्या मैदानावर. गुरू गोविंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कपची स्पर्धा भरली की शाळा बुडवून आम्ही कडेला बसायचो. पुढे शाळेच्या संघात गोलकीपर झालो, क्रिकेटचे पॅड बांधून.

आता हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, पण महाराष्ट्राचा संघच नाही. आधीच्या लीगमध्ये दबंग मुंबई होती, २०१७ च्या फायनलपर्यंत गेली होती. नव्या आठ पुरुष संघांत मुंबई नाही, पुणे नाही. मग मी हैदराबाद तूफान्सला आपलं म्हटलं. आपण नांदेडवाले, दवाखान्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत हैदराबाद गाठणारे, म्हणून ते परकं वाटत नाही. (संघ हैदराबादचा असला तरी पहिल्या हंगामातले सामने राउरकेला आणि रांचीला झाले, त्यामुळे बघितलं सगळं टीव्हीवरच.)

ऑक्टोबर २०२४ च्या लिलावाच्या वेळी मी खतावणीच्या मागच्या पानावर आठ रकाने आखले होते. प्रत्येक संघाकडे ४ कोटी. खेळाडू २४: किमान १६ भारतीय, ८ परदेशी, आणि भारतीयांत ४ ज्युनियर घ्यावेच लागतात. एकेक नाव पुकारलं की मी वजाबाकी करायचो. सूरमा संघानं हरमनप्रीतला ७८ लाखांना घेतलं, म्हणजे थैलीतला जवळजवळ पाचवा हिस्सा एका माणसावर. आमच्या तूफान्सनं गोन्झालो पेयाटवर ६८ लाख लावले आणि सुमितवर ४६. दोघांतच १ कोटी १४ लाख गेले. राहिलेल्या २ कोटी ८६ लाखांत २२ जण. ती बेरीज करताना माझं पेन थांबलं होतं.

पेयाट मोठा खेळाडू, यात वादच नाही. २०१६ ला रिओत अर्जेंटिनासाठी सुवर्णपदक, २०२३ ला जर्मनीसाठी विश्वचषक. आपल्या लीगच्या पहिल्या हंगामाच्या फायनलमध्येही त्यानं दोन गोल केले. तरी आपण बंगाल टायगर्सकडून ४-३ हरलो. त्या फायनलमधला आपला तिसरा गोल अमनदीप लाकराचा होता, भारताच्या ज्युनियर संघातून वर आलेला पोरगा.

सप्टेंबर २०२५ चा छोटा लिलावही बघितला. कलिंगा लान्सर्सनं ऑस्ट्रेलियाच्या लियाम हेंडरसनला ४२ लाख दिले, आणि विवेक लाकरा या भारतीय गोलकीपरला रांची रॉयल्सनं २३ लाखांना घेतलं. गोलकीपरवर कुणी बोली वाढवतंय हे बघून मला दुकानात गिऱ्हाईक असताना टाळी वाजवावीशी वाटली.

माझा प्रश्न असा. हंगाम संपल्यावर संघ घडतो तो कुणाला विकत घेतलं यावर, की कुणाला सोडलं नाही यावर? चार ज्युनियर नियमापुरते घेऊन बाकावर बसवायचे, की तीन हंगाम त्यांना धरून ठेवायचं? मला वाटतं तूफान्सनं दुसरा रस्ता धरावा. तुमचं काय?

उदगीरकर_टोरंटो

काका, मी मूळ उदगीरचा, सध्या टोरंटोत. इथं हॉकी म्हणजे बर्फावरची. आपल्या हॉकीशी तिचं नातं स्टिकपुरतंच, पण तुमचा प्रश्न इथं जून-जुलैत घरोघरी चालतो.

इथल्या एनएचएल लीगमध्ये नव्या पोरांचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो, म्हणजे संघांनी नंबरानं एकेक पोरगा निवडायचा. ३२ संघ, सात फेऱ्या, बहुतेक पोरं अठरा वर्षांची. जो संघ खाली राहतो त्याला वर निवडायची संधी जास्त. अगदी पहिला नंबर कुणाचा हे लॉटरीनं ठरतं. २०२५ ला न्यूयॉर्क आयलँडर्सना जेमतेम साडेतीन टक्के संधी होती, त्यांचाच नंबर निघाला आणि त्यांनी मॅथ्यू शेफरला घेतलं. म्हणजे हरलेल्या संघाच्या चाहत्यालाही उन्हाळ्यात वाट बघायला काहीतरी असतं. आपल्या लीगमध्ये तळाच्या संघाला तसं काही नाही, सगळ्यांची थैली सारखीच.

पण ड्राफ्टचा नंबर विकताही येतो, आणि आमचं घोडं तिथंच पेंड खातं. मी मेपल लीफ्सचा, म्हणजे टोरंटोच्या संघाचा माणूस. यांनी स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा कप, शेवटचा जिंकला १९६७ ला. घाईघाईनं तयार खेळाडू आणण्यासाठी यांनी २०२५, २०२६ आणि २०२७ असे सलग तीन वर्षांचे पहिल्या फेरीतले नंबर देऊन टाकले. हाताशी काय आलं? २०२५ च्या मे महिन्यात फ्लोरिडानं सातव्या सामन्यात ६-१ नं धुतलं. जून संपता संपता मिच मार्नर व्हेगासला गेला. याच भागात वाढलेला, २०१५ ला चौथ्या नंबरवर निवडलेला, नऊ हंगाम आमच्यासाठी खेळलेला. २०२४-२५ च्या हंगामात त्याचे १०२ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास मिळून) होते. त्याच्या बदल्यात आला निकोला रॉय. रॉय कष्टाळू, पण १०२ गुणांची जागा भरणारा नव्हे. तेवढा वर चढणारा पोरगा आमच्या हाताखाली तयार नाही, कारण निवडायचे नंबरच आम्ही विकले.

म्हणून तुमचं पटतं. पोरं धरून ठेवा.

परभणीचा_फॉरवर्ड

काका, मला नाही पटलं. कामून ते सांगतो. जिंकलं कोण? बंगाल टायगर्स. त्यांनी अभिषेकला ७२ लाख, जुगराजला ४८, सुखजीतला ४२. तिघांवर १ कोटी ६२ लाख, म्हणजे थैलीतले चाळीस टक्के. आणि फायनलमध्ये जुगराजनंच हॅटट्रिक ठोकली. पैसे लावले, कप आणला. ज्युनियर धरून ठेवायचे तर धरा, पण लीग एका महिन्याची आहे. महिनाभरात कोण कुणाला घडवतंय?

शिवाय पेनल्टी कॉर्नर (समोरच्यांच्या चुकीवर मिळणारा, गोलरेषेवरून चेंडू ढकलून सुरू होणारा फटका) घेणारा भारी माणूस नसेल तर बाकीचे दहा जण सर्कलमध्ये, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, जाऊन करणार काय? पॅरिस ऑलिंपिकला हरमनप्रीतचे १० गोल होते. कांस्यपदकाच्या सामन्यात स्पेनविरुद्धचे दोन्ही त्याचेच.

गोलकीपर_नांदेड

परभणीकर, मुद्दा रास्त आहे. जुगराजची हॅटट्रिक मी नाकारत नाही. पण चौथा गोल, ज्यावर कप गेला, तो सॅम लेनचा, शेवटची सहा मिनिटं राहिली असताना. त्या क्षणी आपले बचाव करणारे दमले होते. महागडा फ्लिकर (पेयाटसारखा, कॉर्नरवर चेंडू गोलात भिरकावणारा) तिथं काही करू शकत नाही. तिथं लागतो बाकावरून उठून पळणारा ताज्या दमाचा पोरगा, आणि त्याच्यावर भरवसा टाकणारा कोच.

कॉर्नरचं गोलकीपरच्या जागेवरून सांगतो. लोकांना दिसतो तो फ्लिक मारणारा. मला आधी दिसायचा ढकलणारा. खालसाच्या मैदानावर फक्कीनं मारलेल्या रेषेवर पाय ठेवून तो वाकायचा, तेव्हा त्याच्या मनगटावरून कळायचं की चेंडू नीट येणार की उडणार. मातीवर एक खडा लागला की चेंडू अडवणाऱ्याच्या स्टिकवरून उडी मारायचा आणि कॉर्नर वाया. टर्फवर खडा नाही, पण तिघांची जोडणी तीच: ढकलणारा, अडवणारा, मारणारा. ती बसायला वर्ष-दोन वर्ष लागतात. दर लिलावात तिघांतले दोघं बदलले तर ६८ लाखांचा फ्लिकरही पाव सेकंद उशिरा मारतो, आणि तेवढ्यात समोरचा रशर, म्हणजे फटका अडवायला धावत येणारा, पोचतो.

आणखी एक. २०१६ आणि २०१७ ला याच लीगमध्ये मैदानी गोल, म्हणजे कॉर्नरशिवाय चालू खेळात झालेला, दोन धरायचे. फ्लिकरवरच खेळ चालू नये म्हणून. तो नियम आता नाही, म्हणून बोली फ्लिकरवर चढते. माझ्या हातात असतं तर तो नियम परत आणला असता.

हॉकीवाली_मॅडम

मी छत्रपती संभाजीनगरला शाळेतल्या मुलींना हॉकी शिकवते. सगळे पुरुषांच्याच लिलावावर बोलताय, म्हणून लिहिते.

मुलींच्या संघांची थैली २ कोटी, म्हणजे निम्मी, आणि पहिल्या हंगामात संघ चारच. सगळ्यात मोठी बोली उदिताची, ३२ लाख, बंगाल टायगर्सची. ओडिशा वॉरियर्सनं नेदरलँड्सची यिब्बी यान्सन २९ लाखांना घेतली. तीही ड्रॅग-फ्लिकर, जगातल्या सगळ्यात भारी फ्लिकरपैकी एक. आता २६ जानेवारी २०२५ ची रांचीची फायनल आठवा. ओडिशानं सूरमाला २-१ हरवलं. दोन्ही गोल कुणाचे? ऋतुजा पिसाळचे. आपल्या साताऱ्याची पोरगी.

त्या संध्याकाळी आमच्या हॉस्टेलच्या कट्ट्यावर एका मोबाइलभोवती चौदा मुली होत्या. दुसरा गोल झाला तेव्हा एकीनं मोबाइलच हिसकावून घेतला आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मैदानावर गेले तर सगळ्या माझ्या आधी हजर. एक बीडची मुलगी आहे, आठवीत. तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती मला म्हणाली, "मॅडम, नाव मराठीत घेतलं ना टीव्हीवर?" तिला समालोचनातलं बाकी काही समजलं नव्हतं, पिसाळ हे आडनाव तेवढं समजलं होतं.

त्यामुळे नांदेडकर सर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मोठी बोली लावा, पण आपल्या जवळच्या पोरी-पोरं हेरायला माणूस पाठवा. आमच्या मैदानावर लीगच्या कुठल्याही संघाचा माणूस मी आजवर बघितलेला नाही. साताऱ्याला जे झालं ते बीड-हिंगोलीत व्हायला मुलींमध्ये काही कमी नाही.

गोलकीपर_नांदेड

मॅडम, फायनल मीही बघितली होती, पण माझ्या आठ रकान्यांत मुलींचे चार रकानेच नव्हते. आजच वहीत आखतो.

खालसाची स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत असते. पंजाबपासून मुंबईपर्यंतचे संघ येतात. तुमच्या चौदाजणींना दोन दिवस घेऊन या. राहायची-जेवायची काळजी करू नका, लंगर आहे, आणि माझं घर मैदानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. त्यात कुणी गोलकीपर असेल तर तिच्या पॅडचं माप आधी कळवा.