कॉटमनचा चित्रकार शिकवण्यांनी खाल्ला का?

निळीशाई:
जॉन सेल कॉटमन, इंग्रज जलरंग चित्रकार, इंग्लंडमधल्या नॉर्विच गावच्या न्हाव्याचा मुलगा, जन्म 1782 चा. त्याचं 1805 चं 'ग्रेटा ब्रिज' हे चित्र ब्रिटिश म्युझियममधे आहे, ते नीट बघा. रंगाचे थरावर थर नाहीतच, पूल, झाडं, नदीतले धोंडे, प्रत्येक आकार पातळ रंगाच्या एकेका सपाट हातात, म्हणजे वॉशमधे, शेजारच्याला बिलगून बसवलाय आणि उजेड पाहिजे तिथे कागद कोरा सोडलाय. तेव्हा त्याचं वय 23. आणि पुढच्याच वर्षी हा माणूस लंडन सोडून नॉर्विचला जातो नि ड्रॉइंगची शाळा काढतो! 1809 मधे तर 600 चित्रं वर्गणीदारांना घरी नेऊन नकलायला द्यायची योजना काढली. एवढा हात असलेल्याने कित्ते पुरवत बसायचं? मला हे बघवत नाही.

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. मी 22 वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय म्हणून जरा लागलंच. त्याच 1809 मधे त्याचं लग्न झालं, पुढे पाच मुलं, चित्रांवर भागत नव्हतं. ड्रॉइंग मास्तरकीने घर चालवलं म्हणून हातात ब्रश तरी राहिला. आणि दुसऱ्याला दाखवायचं म्हटलं की आधी आपल्याला कळावं लागतं हो, कुठला आकार ठेवायचा नि कुठला गाळायचा ते.

पिंपळपान:
तुम्ही दोघं यार्मथ विसरताय, नॉर्विचजवळचं समुद्रकाठचं गाव. 1812 मधे तो तिकडे गेला ते डॉसन टर्नर या बँकरसाठी. त्याच्या बायकोला नि मुलींना शिकवायचं हे एक, पण खरा वेळ गेला जुन्या इमारतींच्या एचिंगमधे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढण्यात. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या तीन वाऱ्या केल्या, 1817, 1818 आणि 1820 ला, आणि 1822 मधे शंभर प्लेटांचं पुस्तक निघालं. चर्चची एकेक कमान, एकेक नक्षी मोजूनमापून तांब्यावर काढायची म्हणजे डोळे नि पाठ दोन्ही जातात. दोष द्यायचाच तर त्या तांब्याला द्या, शिकवण्याला नको.

निळीशाई:
एचिंगचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण 1834 नंतरचं काय? लंडनला किंग्ज कॉलेजच्या शाळेत नोकरी लागली, पोरांना नकलायला चित्रं पुरवायची म्हणून घरात मुलांनाही कामाला लावलं. त्यात ते औदासीन्याचे झटके, आयुष्यभर होते त्याला. मी त्याची उशिराची जलरंगं पुस्तकात बघितलीयत, रंगात खळ मिसळून केलेली, निळा नि सोनेरी भडक, आणि तो कोरा कागद कुठेच नाही.

खडूफळा:
कोरा कागद नाही म्हणून ती कमी कशी? खळीने रंग लवकर वाळत नाही, ओला असताना खरवडता येतो, पुसता येतो. पन्नाशीत नवीन पद्धत शोधणारा माणूस संपलेला नसतो. त्याच शाळेत रोझेटी, पुढे नावाजलेला चित्रकार-कवी, त्याच्या हाताखाली शिकला.

पिंपळपान:
1841 च्या शरदात तो नॉरफोकला, म्हणजे नॉर्विच ज्यात येतं त्या परगण्यात, घरी आला होता, सात वर्षं मास्तरकी केल्यावर. तेव्हाची काळ्या नि पांढऱ्या खडूतली चित्रं शोधून बघा, ढग, पाणी, वाऱ्याने वाकलेली झाडं, सगळं एका दमात काढलेलं. पुढच्या जुलैत वारलाच तो. निळीशाई, ती बघा आणि मग सांगा शिकवण्यांनी नक्की काय खाल्लं ते.

निळीशाई:
बघते आज रात्री. पण तो सातातली सातही वर्षं घरीच असता तर, हे डोक्यातून जात नाहीये.