मदत हवी आहे : सातवीची मुलं जूनमध्ये हायस्कूलला आठवीत जाणार, काय तयारी करून पाठवू?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका जि.प. शाळेत सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे. शाळा सातवीपर्यंतच. चौदा मुलं, त्यात आठ मुली. निकाल लागला की सगळी नऊ किलोमीटरवरच्या अनुदानित हायस्कूलला जातील. पाच घरं ऊसतोडीची, दिवाळीच्या आसपास आईबाप निघतात. बऱ्याच पालकांनी स्वतः हायस्कूल पाहिलेलं नाही, त्यामुळे "कागद काय लागतात?" याच्या पुढे कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये पालकसभा घेणार आहे. मला विचारायचं ते असं :

१. दाखला देण्याआधी आमच्या शाळेनं काय तपासावं, म्हणजे मुलांचं पुढे अडणार नाही?
२. गणिताचं नेमकं काय पक्कं करून घ्यावं? तिथे सेमीची (गणित-विज्ञान इंग्रजीतून) तुकडी आहे, तिकडे घालावं का?
३. एसटी, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांत कोणाला काय मिळतं?

नेमकं सांगाल तर सभेत तसंच वाचून दाखवेन.

हजेरीपट

ताई, पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. दाखला लिहिण्याआधी प्रत्येक मुलाचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवा : जनरल रजिस्टरची (शाळेच्या प्रवेशनोंदवहीची) नोंद, जन्मदाखला, आधार. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. "बाळू" आणि "बाळासाहेब", "गिते" आणि "गित्ते", यांवरच पुढे गाडी अडते. यू-डायसवर (शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीवर) आधार पडताळणी होत नाही, मग अपार आयडी (मुलाचा देशभर चालणारा शैक्षणिक क्रमांक) निघत नाही आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला नाव जुळत नाही.

चूक आधारवर असेल तर आधार केंद्रात दुरुस्त करा. तिथे जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून जन्मदाखला हातात असल्याशिवाय जाऊ नका. चूक रजिस्टरमध्ये असेल तर मूल तुमच्या पटावर असतानाच गटशिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवा. खाडाखोड करून, पांढरी शाई लावून दुरुस्ती अजिबात करू नका. जात पडताळणीला ती नोंद संशयास्पद ठरते आणि भोगावं लागतं मुलाला.

जातीच्या रकान्यात "हिं. म." किंवा "मागास" अशी तुटक नोंद असेल तर तीही आत्ताच मार्गी लावा. धर्म, जात, पोटजात पूर्ण शब्दांत हवी.

दाखल्यावर पेन क्रमांक (यू-डायसवरचा मुलाचा कायमचा क्रमांक, अकरा आकडी) लिहाच. दाखला दिला की त्याच आठवड्यात यू-डायस प्लसवर मूल ड्रॉप बॉक्समध्ये (शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या यादीत) टाका. तुम्ही ते केलं नाही तर हायस्कूलला मूल आपल्याकडे ओढून घेता येत नाही. मूल वर्गात बसतं पण ऑनलाइन पटावर नसतं. कागदावरचा दाखला दिला की काम संपलं असं समजलं जातं आणि हीच पायरी राहून जाते.

कायदेकानू

याला जोडून. आठवी शिक्षणहक्क कायद्यात येते. कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता किंवा लांबवता येत नाही. कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही. पालकसभेत या तीन ओळी फळ्यावर लिहा. कोणी परत पाठवलं तर पालकांनी नकार लेखी मागावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.

खर्चाचंही आधी सांगा. पाठ्यपुस्तकं आणि पोषण आहार अनुदानित शाळेतही आठवीपर्यंत मिळतो. मोफत गणवेशाची योजना मात्र शासकीय आणि जि.प. शाळांपुरती आहे, म्हणजे जूनमध्येच गणवेश विकत घ्यावा लागेल. नववीत पुस्तकं आणि डबा दोन्ही घरचं. हे आधी माहीत नसेल तर नववीच्या तोंडावर घरात पहिल्यांदा मुलीच्या शिक्षणाचा खर्च मोजला जातो. म्हणून दोन वर्षांचा हिशोब आत्ताच मांडून दाखवा.

कंपासपेटी

गणिताबद्दल. आठवीच्या पुस्तकात सुरुवातीलाच परिमेय व अपरिमेय संख्या, समांतर रेषा व छेदिका, घातांक व घनमूळ येतं, त्याच्या थोडं पुढे विस्तार सूत्रं आणि अवयव. मूल अडतं ते या धड्यांत नव्हे, त्यांच्या खालच्या पायरीवर. म्हणून नवीन काही शिकवू नका. वीस उदाहरणांची एक चाचणी घ्या : पाच ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी, पाच अपूर्णांकांची (छेद वेगळे), तीन दशांश गुणाकार-भागाकाराची, चार बैजिक राशींची, तीन साध्या समीकरणांची. कोणत्या गटात चुकतं ते मुलागणिक लिहून ठेवा आणि रोज अर्धा तास फक्त तेवढंच घ्या.

सर्वाधिक चुका दोन जागी सापडतील. –७ – (–३) मध्ये चिन्ह, आणि २/३ + १/४ मध्ये अंशात अंश, छेदात छेद मिळवणं. पहिल्यासाठी संख्यारेषा, दुसऱ्यासाठी कागदाची घडी. नियम पाठ करून घेतला तर दोन आठवड्यांत विसरतात.

भूमितीला प्रत्येकाच्या हातात स्वतःचा कंपास, कोनमापक आणि टोकदार पेन्सिल हवी. कोनमापकाची कोणती मापनरेषा वाचायची (आतली की बाहेरची) हे दहा कोन मोजून पक्कं करा.

सेमीबाबत माझं मत : सातवीपर्यंत गणित-विज्ञान मराठीत झालेल्या मुलाला फक्त "चांगली तुकडी" म्हणून सेमीत घालू नका. जो मुलगा शाब्दिक उदाहरण मराठीत वाचून स्वतः मांडणी करू शकतो, त्यालाच घाला.

रानवाट

कंपासपेटी सर, तुमची कसोटी पटते, पण त्या निकषानं मुलींना आपोआप मागे ठेवलं जातं. सभेत विचारणारे वडील मुलासाठी सेमी मागतात, मुलीसाठी कोणी मागत नाही. कसोटी लावायची तर चौदाही जणांना लावा आणि निकाल पालकांसमोर ठेवा.

जे जातील त्यांना मेमध्ये शंभरेक शब्द द्या : अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लंब म्हणजे पर्पेंडिक्युलर, वर्गमूळ म्हणजे स्क्वेअर रूट. रोज पाच, आकृती काढून. शब्द ओळखीचा असला की वाक्य कळतं. माध्यम झेपत नसेल तर बदल दिवाळीपर्यंत करून घ्यावा. नववीत बदलायला गेलं की दोन्हीकडचं निसटतं.

आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. "आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही" ही समजूत पालकांच्या डोक्यातून काढाच.

लालपरी

एसटीचं : ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. मुलांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. २०२४ च्या जूनपासून महामंडळानं पास शाळेतच देण्याची पद्धत सुरू केली आहे. त्यासाठी हायस्कूलनं आगाराला यादी द्यावी लागते. तुमच्या चौदा मुलांची थांब्याच्या नावासह यादी तुम्हीच करून हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या हातात द्या, पहिले दोन आठवडे वाचतील. शाळेची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि हायस्कूलचं पत्र दोन्ही जोडून मेमध्येच आगारप्रमुखांना द्या. जूनमध्ये वेळापत्रक हलवणं अवघड.

मानव विकासच्या (मागास तालुक्यांसाठीच्या राज्याच्या कार्यक्रमाच्या) सायकलीवर विसंबू नका. ती ठरावीक १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना मिळते. तुमचं अंतर नऊ आहे.

पाटीपेन्सिल

यादीचं लगेच करते. शिष्यवृत्ती आणि ऊसतोडीच्या मुलांचं कोणी सांगेल का?

शिष्यवृत्तीवाले

एनएमएमएसवर (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेवर) लक्ष ठेवा. परीक्षा आठवीत, साधारण डिसेंबरमध्ये होते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बसायला सातवीत ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५०) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. म्हणजे पहिली अट तुमच्याच वर्गात पूर्ण होते. प्रगतिपुस्तकावर नुसती श्रेणी देऊ नका, टक्के लिहा.

दोन पेपर, ९० प्रश्न आणि ९० मिनिटं प्रत्येकी. एक बौद्धिक क्षमतेचा. दुसऱ्यात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. यात सातवीचाही भाग येतो, म्हणून सातवीची विज्ञान-इतिहास-भूगोलाची पुस्तकं मुलांना रद्दीत घालू देऊ नका. पात्रतेला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ३२. मराठा-कुणबी मुलं पात्र ठरून निवड यादीत आली नाहीत तर सारथीकडून (या समाजासाठीच्या राज्याच्या संस्थेकडून) वर्षाला ९,६०० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, त्यामुळे "एवढ्यात कुठे नंबर लागणार" म्हणून कोणाला घरी बसवू नका.

विनाअनुदानित शाळेत गेलेल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. शासकीय वसतिगृहात राहून जेवणाची सवलत घेणाराही अपात्र ठरतो. वसतिगृह ठरवताना हे पालकांसमोर मांडा.

उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर काढा, त्याआधीचा ३१ मार्चला संपतो. जूनमध्ये सेतूवर रांग असते. बँकेत मुलाच्या स्वतःच्या नावानं खातं आणि त्याला आधार जोडलेलं हवं. आईच्या खात्यावर शिष्यवृत्तीची रक्कम येत नाही.

जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा शोधायला उन्हाळ्याची सुट्टीच बरी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा (रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) तुमच्याच कपाटात सापडू शकतो.

रानवाट

ऊसतोडीच्या पाच घरांसाठी तीन गोष्टी. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र आत्ताच काढून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. संत भगवानबाबा वसतिगृह (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं) तालुक्यात असेल तर जूनमध्येच अर्ज, दिवाळीत जागा उरत नाही. नसेल तर हंगामी वसतिगृहात (आईबाप बाहेर असतात त्या महिन्यांपुरत्या) नाव घालण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचं सर्वेक्षण स्थलांतराआधी व्हायला हवं. ते ६ ते १४ वयोगटासाठी असतं, म्हणून नववीत हा आधार सुटतो हेही सांगून ठेवा. आणि मूल आजीकडे राहणार असेल तर आजीचा किंवा शेजारच्याचा फोन नंबर हायस्कूलच्या वर्गशिक्षकांकडे लिहून द्या. आईबापाचा नंबर कारखान्यावर लागतोच असं नाही.

मुलींच्या आयांशी पाच मिनिटं वेगळी बोला. दप्तरात एक जादा पॅड, शाळेत स्वच्छतागृह कुठे आहे, कोणत्या मॅडमना सांगायचं. शक्य असेल तर मेच्या आधी एक दिवस चौदाही मुलांना हायस्कूलला नेऊन आणा, एसटीनंच.

पाटीपेन्सिल

एक शेवटचं. एका मुलीचं आधारच नाही, जन्मदाखलाही नाही. तिचं काय करू?

हजेरीपट

प्रवेश थांबत नाही, कलम १४ वर सांगितलंच आहे. पण जन्माची नोंद आधी शोधा : ग्रामपंचायत, नाही तर जिथे बाळंतपण झालं तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र. ऊसतोडीच्या घरातली असेल तर जन्म कारखान्याच्या गावी झालेला असू शकतो, आईला तेच विचारा. नोंद सापडली तर त्या ठिकाणाहून दाखला. कुठेच नसेल तर उशिरा जन्मनोंदणीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून निकालाची वाट न पाहता या आठवड्यातच सुरू करा. अर्जावर टाकायची जन्मतारीख जनरल रजिस्टरमधलीच ठेवा.