परदेश प्रवासामुळे बातम्या जास्त कळतात म्हणतात, पण नेमकं पाहायचं काय?

कोरा_नकाशा
जग पाहिलं की बातम्यांचा अर्थ लागायला लागतो, असं सगळेच म्हणतात. पण आठ-दहा दिवसांत माणूस प्रेक्षणीय स्थळं उरकून परत येतो. तेवढ्यात सीमावाद, महागाई, जहाजवाहतूक असल्या बातम्या कशा उलगडणार? निघण्याआधी काय करायचं, तिथे कशाची नोंद ठेवायची आणि फसगत कुठे होते, ते जाणकारांनी लिहावं. ‘डोळे उघडे ठेवा’ छापाचे सल्ले नकोत.

उलटं_होकायंत्र
मतं बनवायला जाऊ नका, मापं घ्यायला जा. बातमीत आकडे असतात, पण ते केवढे हे वाचून कळत नाही. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं. जहाज ४०० मीटर लांब, कालवा तिथे त्याहून अरुंद. २०१५ मध्ये झालेला समांतर मार्ग बराच उत्तरेला, दक्षिणेकडच्या त्या पट्ट्यात मात्र एकच वाट. म्हणून दोन्ही दिशांची वाहतूक ठप्प झाली.

पनामा कालव्याचं यंत्र अगदी निराळं. तिथे जहाज दरवाजांच्या टाक्यांमधून सुमारे २६ मीटर वर, ‘गातून’ नावाच्या तलावात चढवतात आणि पलीकडे उतरवतात. दर फेरीला तलावाचं गोडं पाणी समुद्रात जातं, आणि आसपासच्या शहरांचं पिण्याचं पाणीही तिथूनच येतं. कालव्यावरच्या मिराफ्लोरेस इथल्या प्रेक्षक सज्जातून टाकीतलं पाणी चढता-उतरताना पाहिलं, की २०२३ च्या दुष्काळात रोजच्या जहाजांची संख्या का कमी करावी लागली, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निघण्याआधी त्या देशाची एकच बातमी निवडा. तुम्हाला ती जेवढी समजली आहे तेवढी चार-पाच वाक्यांत लिहा, अंतरं आणि आकड्यांसकट. परत आल्यावर तोच कागद दुरुस्त करा. पाच विषय घेतलेत तर एकही धड होणार नाही.

सीमेपलीकडे
सीमावादासाठी आयर्लंड घ्या. ब्रिटनच्या ताब्यातलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची, पण रस्त्यावर चौकी नाही. वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत दिसू लागल्या आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली, की सीमा ओलांडली म्हणून समजायचं. १९९८ च्या शांतता करारानंतरची ही मोकळीक ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, टिकवायची कशी, यावर वर्षानुवर्षं एवढा घोळ का चालला, ते त्या रस्त्यावर दिसतं. सावधगिरी एकच: तपासणी नाही म्हणजे व्हिसा लागत नाही असं नव्हे. दोन्हीकडचे प्रवेशनियम वेगळे आहेत.

उलट उदाहरण हवं असेल तर सायप्रसची दुभंगलेली राजधानी निकोसिया. लेड्रा रस्त्यावरची पायवाट २००८ मध्ये उघडली. मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातला पट्टा, आणि दोन्ही टोकांना कागद दाखवायचे.

दर_आणि_दर्जा
महागाईत बहुतेकांची गल्लत होते. एखादा देश महाग असणं आणि तिथले भाव वेगानं वाढत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाशाला पहिली लगेच दिसते आणि तो दुसरीवर बोलायला लागतो. भाव पळत असल्याच्या खुणा वेगळ्या असतात: छापील किमतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, किमतीच नसलेली दरपत्रकं, स्थानिक चलन घ्यायला टाळाटाळ.

नोंद अशी ठेवा: स्थानिक लोक रोज घेतात अशा पाच वस्तू, वजनासकट, वस्तीतल्या दुकानातल्या. विमानतळ आणि पर्यटनस्थळं वगळा. मग त्यांच्या किमती त्या देशाच्या मिनिटामागच्या कायदेशीर किमान वेतनानं भागून, प्रत्येक वस्तूसाठी किती मिनिटं राबावं लागतं ते काढा. चलन बदलून केलेल्या तुलनेपेक्षा हे कितीतरी खरं. अमेरिकेत विक्रीकर सहसा बिलात वेगळा लागतो, युरोपात तो फळीवरच्या किमतीतच असतो, तेवढं जुळवून घ्या. सर्वात मोठी चूक घरभाड्याची: कुटुंबाचा मोठा खर्च तोच, आणि पाहुण्याला तो दिसतच नाही. भाड्याच्या जाहिराती चाळा.

चलनाचा दर कुठला, हेही तपासा. लेबनॉनमध्ये अधिकृत दर १९९७ पासून २०२३ च्या सुरुवातीपर्यंत डॉलरला सुमारे १५०७ पौंड होता, बाजारातला दर मात्र २०१९ पासून त्याला सोडून निघाला. त्या काळातला ‘पगार इतके डॉलर’ हा आकडा, दर सांगितला नसेल तर, बिनकामाचा.

शेवटचा_थांबा
वरचं सगळं बरोबर, पण नमुन्याचं काय? प्रवाशाला भेटतात चालक, मार्गदर्शक आणि हॉटेलातली माणसं. तीही राजधानीत, हंगामात. त्यांचं मत म्हणजे देशाचं मत नव्हे. कामाच्या दिवशी सकाळी सातची लोकल किंवा बस पकडून शेवटच्या थांब्यापर्यंत जा. कोण कुठे चढतं-उतरतं, एवढं पाहिलं तरी शहराची रचना कळते.

बातम्यांत दिसणारी आंदोलनाची दृश्यं बहुधा दोन-चार चौकांतली असतात. पलीकडच्या गल्लीत दुकानं उघडी दिसली म्हणून ‘काहीच घडत नव्हतं’ असं म्हणणं तितकंच चूक. आणि जिथे बोलण्यावर पहारा आहे तिथे राजकारण विचारू नका. तुम्ही परत जाता, उत्तर देणारा तिथेच राहतो. लष्करी ठाणी, सीमाचौक्या, बंदरं यांचे फोटो अनेक देशांत गुन्हा ठरतात.

कोरा_नकाशा
मिनिटांचा हिशेब आवडला. परत आल्यावर पुढे काय?

उलटं_होकायंत्र
तिथलं एखादं स्थानिक वृत्तपत्र निवडा आणि तीन महिने आठवड्यातून एकदा भाषांतर करून वाचा. आधी स्थानिक पानं, मग पहिलं पान.