शब्दचर्चा : आजीसाठी ‘सद्गुणी’ की ‘धीराची’?

शेवंती : आजीच्या स्मरणार्थ आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पत्रिकेत चार ओळी द्यायच्या आहेत. भावानं लिहिलंय, ‘आजी ख्रिस्ती स्त्रीत्वाचा आदर्श होती’. वाक्यात चूक काही नाही, पण त्यात आजी कुठे दिसत नाही. आजोबा लवकर गेले. तिनं शिवणकामावर घर चालवलं, मुलांना शिकवलं, आणि दारी आलेल्याला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. रात्री आम्हा नातवंडांकडून बायबलची वचनं पाठ करून घ्यायची. ‘सद्गुणी’, ‘भाविक’, ‘साध्वी’ यांतला कोणता शब्द तिला शोभेल?

जुनी_वही : ‘स्त्रीत्व’ काढाच. आपल्याकडे आजीबद्दल असं कुणी बोलत नाही. ‘साध्वी’ म्हटलं की संसार सोडलेली बाई डोळ्यांपुढे येते आणि तुमच्या आजीनं तर संसार ओढून नेला. ‘भाविक’ चालेल, पण त्यात फक्त तिची प्रार्थना येते, शिवणकाम येत नाही.

राहिला ‘सद्गुणी’. हा शब्द बायबलच्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातला, दहाव्या ओवीपासूनचा. प्रत्येक ख्रिस्ती घरात तो ऐकलेला असतो. मूळ हिब्रूत तिथे ‘एशेत हायिल’ आहे. ‘हायिल’ म्हणजे बळ, पराक्रम, संपत्ती, प्रसंगी सैन्यसुद्धा. बायबलच्याच ‘शास्ते’ या पुस्तकात देवदूत गिदोन नावाच्या माणसाला वीर म्हणून हाक मारतो तिथे हाच शब्द आहे. रूथच्या पुस्तकात, जिच्या शेतात रूथ सरवा वेचते त्या शेताच्या मालकाची, बवाजची, ओळख करून देतानाही तोच, आणि पुढे बवाज स्वतः रूथला म्हणतो तेही ‘एशेत हायिल’. एक परदेशी, विधवा, सासूला न सोडणारी, शेतात सरवा वेचून पोट भरणारी बाई! जुन्या ग्रीक भाषांतरात नीतिसूत्रांच्या त्या जागी ‘शूर स्त्री’ आहे, लॅटिनमध्ये ‘बलवान स्त्री’. मराठीत ‘सद्गुणी’ आलं आणि वापरता वापरता ते खाली मान घालून बसलेल्या सुनेचं विशेषण झालं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो अध्यायच पुन्हा वाचा. हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांवर रचलेल्या त्या 22 ओव्या आहेत. ती बाई शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, चातीवर सूत काढते, गरिबाला हात देते, आणि येणाऱ्या दिवसांकडे पाहून हसते. तिच्या रूपावर एक ओळसुद्धा खर्च केलेली नाही. उलट सौंदर्य व्यर्थ आहे असंच म्हटलंय. माझं मत स्पष्ट आहे : ‘धीराची’ लिहा. खेड्यापाड्यांत अशा बाईला लोक हेच म्हणतात.

पाणकळा : ‘धीराची’ सुंदर आहे, पण त्यात विश्वास कुठे आला? धीराची बाई कुठल्याही धर्मात असते. शेवंतीताई, तुमची आजी शिवायची हे वाचून मला याफो गावची टबीथा आठवली, बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 9व्या अध्यायातली. ती गेल्यावर विधवांनी प्रेषित पेत्राला काय दाखवलं? तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे. तिचं नाव येतं ते ‘शिष्या’ म्हणून, आणि मूळ ग्रीकमध्ये शिष्याचं हे स्त्रीलिंगी रूप नव्या करारात फक्त तिच्यासाठी वापरलंय. ‘प्रभूची शिष्या’ असं लिहिलंत तर त्यात विश्वासही येईल आणि हातांचं कामही.

जुनी_वही : हे मला सुचलं नव्हतं. ‘शिष्या’ माझ्या शब्दापेक्षा बरा. ‘धीराची’ त्याच्या आधी राहू द्या.

माळरान : एक शब्द माझाही, ‘बायबलबाई’. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून नगर भागात या बाया घरोघर जायच्या, बायकांत बसून शास्त्र वाचून दाखवायच्या, अक्षरओळखही करून द्यायच्या. आजीनं हे काम केलं असेल तर तो शब्द जरूर लिहा. नसेल तर कौतुक म्हणून चिकटवू नका, ते पदाचं नाव होतं.

शेवंती : आजी बायबलबाई नव्हती, पण तिला वाचायला शिकवलं एका बायबलबाईनंच. तेवढं लिहीन. आता असं जमवलंय : ‘आमची आजी धीराची बाई आणि प्रभूची शिष्या. लोईसप्रमाणे तिनं आपला विश्वास नातवंडांच्या हाती दिला. ती शेवटपर्यंत विश्वासी राहिली.’

पाणकळा : लोईस अगदी योग्य. 2 तीमथ्य 1:5 मध्ये प्रेषित पौल तीमथ्याची आजी म्हणून तिचं नाव घेतो, आणि नव्या करारात ‘आजी’ हा शब्द तेवढ्या एकाच जागी येतो. फक्त शेवटी ‘विश्वासू राहिली’ करा. ‘विश्वासी’ म्हणजे विश्वास धरणारी. ‘विश्वासू’ म्हणजे जिच्यावर विसंबावं, जिनं सोपवलेलं काम पार पाडलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला धनी चाकराला शाबासकी देतो तीही ‘विश्वासू’ म्हणूनच.